कील: चेहऱ्यावरच्या एका काळ्या ठिपक्याचा इतिहास

उर्दूत मुरुमांसाठी ‘कील-मुहाँसे’ असा जोडशब्द आहे. मुहाँसे म्हणजे पुटकुळ्या, मुरूम. आणि कील म्हणजे नाकावर, हनुवटीवर, कपाळावर दिसणारा तो बारीक, टणक, काळा ठिपका. कील शब्दाचा मूळ अर्थ खिळा. कातडीत ठोकलेल्या खिळ्याचे डोके तेवढे वर दिसावे, तसा हा ठिपका दिसतो. मराठीत आपण ‘काळे ठिपके’ म्हणून भागवतो आणि आता तर सगळेच सरसकट ‘ब्लॅकहेड्स’ म्हणतात.

इतिहासाच्या लेखाला हा विषय फार किरकोळ वाटेल. पण नववी-दहावीचे वर्ग शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. या वयातली मुले-मुली आरशासमोर किती वेळ घालवतात, फळ्याजवळ यायला का बिचकतात, स्नेहसंमेलनाच्या फोटोत मागे का उभी राहतात, हे शिक्षकांना रोज दिसते. घरी त्यांना एकच गोष्ट ऐकवली जाते, “चेहरा नीट धूत जा.” मुले धुतात, घासतात, दाबून काढतात. पंधरा दिवसांत ठिपके परत येतात. मग वाटते, दोष आपलाच आहे.

हा दोष लावण्याचा इतिहास बराच जुना आहे. वेगवेगळ्या काळांत माणसाने या ठिपक्याचा आळ किड्यावर घातला, पापावर घातला, मळावर घातला. खरे कारण कळायला विसावे शतक उजाडावे लागले. आणि ते ज्ञान ज्या मार्गाने आले, तो मार्ग फार स्वच्छ नव्हता.

वैद्य आणि हकीम

आपल्याकडचे जुने वर्णन सुश्रुतसंहितेत सापडते. तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या, शाल्मलीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्यांना तिथे ‘मुखदूषिका’ म्हटले आहे. शाल्मली म्हणजे आपली काटेसावर. जिने महाराष्ट्राच्या रानात काटेसावरीचे खोड पाहिले आहे, तिला ही उपमा लगेच पटेल. कारण म्हणून कफ, वात आणि रक्त यांचा बिघाड सांगितला आहे. त्रिदोषांची ही भाषा आज बाजूला ठेवली तरी त्या निरीक्षणात एक गोष्ट अचूक आहे: हा तारुण्याचा विकार आहे आणि त्याचे मूळ शरीराच्या आत आहे.

युनानी परंपरेचा विचारही याच दिशेने जातो. इब्न सीना (९८०-१०३७) यांच्या ‘अल-कानून’ या ग्रंथात नाक आणि गालांवर येणाऱ्या, दुधाच्या थेंबासारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या पुटकुळ्यांची नोंद आहे. युनानी तबीब आजही त्यांना ‘बुसूर-ए-लबनिया’ म्हणतात; लबन म्हणजे दूध. कानूनच्या चौथ्या खंडात केस, त्वचा, रंग यांच्या तक्रारींसाठी ‘जीनत’ नावाचा स्वतंत्र भाग आहे. अंदलूसच्या अल-जहरावींनी आपल्या ३० भागांच्या ‘तसरीफ’मधला १९वा भाग याच विषयाला दिला. ज्यांना आपण शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ओळखतो, त्यांना चेहऱ्याची काळजी हा विषय हलका वाटला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बाराव्या शतकात तुलैतुला म्हणजे टोलेडो शहरात कानूनचा लॅटिन अनुवाद झाला आणि पुढे कित्येक शतके युरोपच्या विद्यापीठांत तो शिकवला गेला.

‘अ‍ॅक्ने’ हा आजचा वैद्यकीय शब्दही याच टापूतून आला. सहाव्या शतकात अमिदा इथल्या एटियस नावाच्या वैद्याच्या ग्रीक लिखाणात तो सापडतो. अमिदा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले दियारबकर. शिखर किंवा ऐन बहर या अर्थाच्या ‘अक्मे’ या ग्रीक शब्दाची नक्कल करताना लेखनिकाची चूक होऊन ‘अक्ने’ झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बहर म्हणजे पुन्हा तारुण्यच.

किड्याची गोष्ट

ब्लॅकहेड दाबला की आतून पांढरट-पिवळी, लांबट वळी बाहेर येते. तिचे टोक काळे असते. दिसायला ती हुबेहूब अळीसारखी. युरोपातल्या लोकांनी डोळ्यांना दिसले त्यावर विश्वास ठेवला आणि ठरवून टाकले की माणसाच्या कातडीत किडे राहतात.

हा समज शब्दांत अजून जिवंत आहे. ब्लॅकहेडचे वैद्यकीय नाव ‘कोमेडो’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ खादाड, खाऊन टाकणारा. शरीर खाणाऱ्या किड्यांना हे नाव होते. जर्मन माणूस आजही ब्लॅकहेडला ‘मिटएसर’ म्हणतो, म्हणजे ‘बरोबर जेवणारा’. एखादे मूल खाऊनपिऊनही वाळत चालले, तर त्याच्या कातडीतले हे भागीदार त्याचे अन्न खातात, अशी समजूत होती. स्वीडिश भाषेत ब्लॅकहेड म्हणजे ‘रंध्रातला किडा’ आणि डॅनिशमध्ये ‘कातडीतला किडा’.

गंमत अशी की सूक्ष्मदर्शक आल्यावर तिथे खरोखरच एक जीव सापडला. १८४२ साली बर्लिनचे डॉक्टर गुस्ताव सिमोन मुरमांमधला आणि ब्लॅकहेडमधला ऐवज तपासत होते. त्यांना आठ पायांचा, मिलिमीटरच्या सुमारे एक तृतीयांश लांबीचा असा एक सूक्ष्म जीव दिसला. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी त्याला ‘डेमोडेक्स’ हे नाव दिले. पण हा जीव बहुतेक सगळ्या प्रौढ माणसांच्या चेहऱ्यावर राहतो, ज्यांना एकही ब्लॅकहेड नाही त्यांच्याही. तो तिथला भाडेकरू आहे. ब्लॅकहेड त्याच्यामुळे तयार होत नाही. दाबून काढलेली ती वळी म्हणजे मेलेल्या पेशी आणि त्वचेचे तेल. अळी कधी नव्हतीच.

पापाची आणि मळाची गोष्ट

किडा गेला, तरी आरोपी हवाच होता. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अनेक डॉक्टरांनी तरुणांच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांचा संबंध हस्तमैथुनाशी आणि ‘वाईट विचारां’शी लावला. चेहरा म्हणजे चारित्र्याचा दाखला झाला. मुलाच्या नाकावर ठिपके दिसले की घरचे त्याच्याकडे संशयाने बघू लागले. लग्न झाले की मुरूम जातात, हा आपल्याकडेही ऐकू येणारा सल्ला याच विचाराचा चुलतभाऊ आहे. लग्नाच्या वयानंतर अनेकांचे मुरूम तसेही कमी होतात. श्रेय मात्र लग्नाला मिळते.

मग साबणाचा जमाना आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वुडबरी साबणाच्या जाहिराती मासिकांतून ब्लॅकहेडवर बोलू लागल्या. गरम पाणी, फेस, मग चोळणे, मग थंड पाणी, अशी सगळी कृती त्यात असे. काळा ठिपका म्हणजे अडकलेला मळ आणि मळ म्हणजे निष्काळजीपणा, हे समीकरण घराघरांत पोहोचले. काळा रंग म्हणजे घाण, ही समजूत ज्या समाजात आधीच माणसांच्या रंगाबद्दल रुजली होती, तिथे ती नाकावरच्या ठिपक्याबद्दलही सहज खपली.

हा समज तपासायला प्रयोगशाळेत जायची गरज नव्हती. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्या, प्रत्येक वेळी तोंडावरून पाणी फिरवणाऱ्या तरुण नमाजींच्या नाकावरही ब्लॅकहेड असतातच. मळ हेच कारण असते, तर मदरशातल्या मुलांना ते व्हायलाच नको होते.

ठिपका काळा का, याचे उत्तर १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिले. तो रंग धुळीचा नसून मेलॅनिनचा आहे, असे त्यात दिसून आले. आपल्या केसांना आणि कातडीला जे द्रव्य रंग देते, तेच हे. रंध्राचे तोंड उघडे असल्याने वरच्या तेलाचा हवेशी संपर्क येतो आणि तेही गडद होते. तोंड बंद राहिले तर तोच ऐवज पांढरा दिसतो. त्याला व्हाइटहेड म्हणतात. म्हणजे आपण जो ‘मळ’ घासून काढायला बघतो, तो आपल्याच अंगाचा रंग आहे.

ठिपका परत का येतो?

चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक रंध्रात केसाचे मूळ असते आणि त्याला तेल पुरवणारी एक ग्रंथी जोडलेली असते. वयात येताना शरीरात अँड्रोजेन हार्मोन वाढतात, मुलांत आणि मुलींतही. ग्रंथी मोठ्या होतात, तेल वाढते. झुरिकच्या ब्रूनो ब्लॉख यांनी शाळकरी मुलांची तपासणी करून १९३१ साली दाखवले की ब्लॅकहेड हे वयात येण्याच्या अगदी सुरुवातीच्या खुणांपैकी एक आहे. १९४१ साली अमेरिकेच्या जेम्स हॅमिल्टन यांनी पुरुषी हार्मोन आणि मुरूम यांचा थेट संबंध मांडला.

दुसरी गोष्ट घडते रंध्राच्या आतल्या अस्तरात. तिथल्या मेलेल्या पेशी एरवी सुट्या होऊन तेलाबरोबर बाहेर पडतात. काहींच्या त्वचेत त्या एकमेकींना चिकटून राहतात आणि हळूहळू बूच तयार होते. डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधी ते आत घडत असते. आपण नाकावरचा ठिपका दाबून काढतो तेव्हा फक्त बूच निघते. तेल तयार करणारी ग्रंथी तिथेच असते, पेशी चिकटण्याची सवय तिथेच असते आणि शेजारच्या रंध्रांत न दिसणारी बुचे वाढत असतात. म्हणून ठिपके ‘परत’ येतात. खरे तर ते गेलेलेच नसतात.

यात आणखी एक घोटाळा आहे. नाकावर एकसारखे पसरलेले, करड्या रंगाचे, सपाट बारीक ठिपके अनेकदा ब्लॅकहेड नसतातच. ती तेल बाहेर येण्याची नेहमीची वाट असते आणि ती सगळ्यांनाच असते. काढली तरी महिन्याभरात पुन्हा भरते. नाकावर चिकटवून ओढायच्या पट्ट्या १९९०च्या दशकात जपानमधून जगभर गेल्या. पट्टीवर उमटलेले ते असंख्य काटे पाहून समाधान वाटते, पण त्यातले बरेचसे काटे हेच असतात.

फिलाडेल्फियाचा तुरुंग

आज ब्लॅकहेडवर सर्वांत भरवशाची औषधे म्हणजे रेटिनॉइड गटातली, जीवनसत्त्व ‘अ’शी नाते सांगणारी मलमे. जर्मनीत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला या द्रव्यावर काम सुरू झाले होते. मुरुमांसाठी त्याचा उपयोग १९६९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी फुल्टन आणि प्लेविग या सहकाऱ्यांसह मांडला. १९७१ साली ट्रेटिनॉइनला तिथे मान्यता मिळाली. आत चिकटणाऱ्या पेशींना सुटे करणारे, बूच तयारच होऊ न देणारे हे औषध होते.

क्लिगमन यांचे बरेचसे संशोधन फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात चालले. १९५१ ते १९७४ अशी जवळपास तेवीस वर्षे. तिथले बहुसंख्य कैदी कृष्णवर्णीय होते. अनेकांवर गुन्हा सिद्धही झालेला नव्हता. जामिनाचे पैसे नव्हते म्हणून ते आत होते. थोड्या डॉलरांसाठी ते पाठ आणि हात पुढे करत. त्यांना काय लावले जात आहे, हे बहुतेकांना नीट सांगितले जात नव्हते. सौंदर्यप्रसाधने, औषधे, त्वचा भाजणारी रसायने, सगळ्यांची चाचणी तिथे झाली. डाऊ केमिकल कंपनीसाठी सुमारे ७० कैद्यांच्या कातडीवर डायॉक्सिन हे अत्यंत विषारी द्रव्य लावले गेले. डायॉक्सिनमुळे ‘क्लोरॅक्ने’ नावाचा विकार होतो, ज्यात चेहराभर ब्लॅकहेड आणि गाठी उठतात. तो कैद्यांच्या अंगावर मुद्दाम उठवून पाहिला गेला. ट्रेटिनॉइनच्या संशोधनातही याच तुरुंगातल्या माणसांची कातडी वापरली गेली.

१९९८ साली अॅलन हॉर्नब्लम यांचे ‘एकर्स ऑफ स्किन’ हे पुस्तक आले आणि हे प्रकरण जगापुढे आले. पुस्तकाचे नाव क्लिगमन यांच्याच उद्गारातून घेतलेले आहे. तुरुंगात पाऊल टाकताच त्यांना माणसांऐवजी एकरच्या एकर पसरलेली कातडी दिसली होती. २००० साली सुमारे ३०० माजी कैद्यांनी दावा लावला. मुदत उलटून गेल्याच्या कारणाने तो फेटाळला गेला. २०२१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने माफी मागितली, २०२२ साली फिलाडेल्फिया शहराने. तोवर क्लिगमन यांना जाऊन बारा वर्षे झाली होती. त्या कैद्यांपैकी कित्येक माफी ऐकायला उरले नव्हते.

म्हणून औषध वापरू नये, असे माझे म्हणणे नाही. औषध खरे आहे आणि उपयोगाचे आहे. पण ट्यूब उघडताना एवढे माहीत असावे की ज्यांच्या कातडीवर हे ज्ञान उभे राहिले, त्यांना समाजाने आधीच ‘घाण’ ठरवून भिंतीआड टाकले होते.

आपल्या मेडिकलमध्ये

आपल्याकडे प्रयोग तुरुंगात होत नाहीत, घरात होतात. मुलीच्या चेहऱ्यावर ठिपके आणि डाग दिसले की शेजारीण, मावशी किंवा मेडिकलवाला एखादी ‘गोरे करणारी’ ट्यूब सुचवतो. तिच्यात अनेकदा तीव्र स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात, सगळे खूश होतात. काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, लाल होते, स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. ट्यूब थांबवली की चेहरा पेटतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक वर्षे आवाज उठवल्यानंतर २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम कागदावर आहे. गल्लीतल्या दुकानात काय होते ते आपण जाणतो. लग्न ठरवताना रंग बघण्याची रीत जोवर आहे, तोवर या ट्यूबना गिऱ्हाईक मिळत राहील.

मग करावे काय?

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने धुणे पुरेसे आहे. घासल्याने ठिपका निघत नाही, कातडी मात्र सोलते. मुलतानी माती आणि बेसन वरचे तेल शोषतात. रंध्राच्या आतल्या बुचापर्यंत पोहोचत नाहीत. लिंबू आणि टूथपेस्ट चेहऱ्यापासून लांब ठेवलेले बरे. खोबरेल तेल केसांना खुशाल लावा, पण कपाळावर उतरू देऊ नका, कारण त्याने रंध्रे बुजतात.

थोडे ब्लॅकहेड असतील तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेला फेसवॉश किंवा जेल उपयोगी पडते; ते तेलात मिसळून रंध्रात उतरते. वारंवार येत असतील तर डॉक्टरांना विचारून अडापेलीनसारखे रेटिनॉइड जेल घ्यावे. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, साऱ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढे. फक्त ठिपक्यावर लावून उपयोग नाही, कारण न दिसणारी बुचे सगळीकडे असतात. पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, थोडी सोलते. तेव्हा एक दिवसाआड लावावे, वर साधे मॉइश्चरायझर लावावे आणि दिवसा सनस्क्रीन. फरक दिसायला दोन ते तीन महिने लागतात. बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात ट्यूब फेकून देतात, आणि उपचार तिथेच फसतो. ठिपके गेल्यावरही जेल चालू ठेवावे लागते. गर्भवती असलेल्या किंवा गर्भधारणेचा विचार करणाऱ्या बायकांनी रेटिनॉइड वापरू नये.

नखाने दाबू नका. आपल्या सावळ्या, गव्हाळ कातडीवर त्याचा डाग महिनोन्‌महिने राहतो आणि मूळ ठिपक्यापेक्षा तोच जास्त दिसतो. काढायचेच असतील तर त्वचारोगतज्ज्ञ निर्जंतुक साधनाने काढतात.

काही वेळा ठिपका दुसरेच काही सांगत असतो. पाळी अनियमित असेल, ओठांवर-हनुवटीवर केस वाढत असतील, तर मुलीला डॉक्टरांकडे न्या. कारण हार्मोनचे असू शकते. गॅरेजमध्ये, लेथवर काम करणाऱ्यांच्या हातांवर-मांड्यांवर ठिपके उठले, तर ते ऑइलने भिजलेल्या कपड्यांमुळे असू शकतात. कपडे बदलणे हाच पहिला उपचार. उन्हात आयुष्य काढलेल्या आणि बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्या चाचांच्या डोळ्यांभोवती मोठे ब्लॅकहेड दिसतात; ते ऊन आणि धूर यांचे देणे आहे.

राहिली ती दोष देण्याची सवय. किडा खोटा ठरला, पाप खोटे ठरले, मळही खोटा ठरला. तरी घरातले वाक्य बदलले नाही. वयात येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला “तोंड धुतोस का, धुतेस का” असे विचारण्याऐवजी एवढेच सांगावे की हे तुझ्या वयाचे आहे, यात तुझी चूक नाही, आणि औषधाला तीन महिने लागतात. मुलाच्या नाकावर ठिपका असेल. त्याची मान त्यामुळे खाली जायचे काही कारण नाही.